भिवंडी रोड : मालगाडीच्या वाटेने सोपाऱ्याला

भिवंडीच्या माणसाला विचारा, तुमचे स्टेशन कोणते? तो कल्याण म्हणेल, नाहीतर ठाणे म्हणेल. भिवंडी रोड म्हणणारा एखादाच भेटेल. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला निघालेली आपली माणसे, दसऱ्याला दीक्षाभूमीला निघालेली कुटुंबे, सुट्टीत गावी जाणारी पोरेबाळे, सारी आधी शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून कल्याण गाठतात. तेथून पुढे त्यांचा रेल्वेचा प्रवास सुरू होतो. भिवंडीला स्वतःचे स्टेशन आहे, फलाट आहे, तिकिटाची खिडकी आहे. तरी हे असे का, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा आम्हाला थेट १८५३ सालापर्यंत मागे जावे लागले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे आपली मुले शाळेत शिकतात. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडीवर पूल बांधून आणि मुंब्र्याच्या डोंगरात बोगदे पाडून गाडी कल्याणला पोहोचली. रूळ खाडीच्या दक्षिण अंगाने गेले. भिवंडी राहिली उत्तरेच्या काठाला. कामवारी नदीवरचे हे जुने बंदराचे गाव, पण रेल्वेच्या नकाशात त्याला जागा मिळाली नाही. कल्याणहून एक फाटा थळघाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे गेला आणि कल्याणचे जंक्शन झाले. भिवंडीच्या वाट्याला आला आग्रा रोड. त्याच रस्त्याने कापड गेले, सूत आले, उत्तर प्रदेशचे आणि तेलंगणाचे विणकर आले, आपल्या मराठवाड्या-विदर्भातली माणसे हमाली करायला आली. गाव वाढतच गेले. २०११ च्या जनगणनेत भिवंडीची लोकसंख्या सात लाखांवर भरली.

मग १९८० च्या सुमारास दिवा ते वसई असा सुमारे ४२ किलोमीटरचा लोहमार्ग झाला आणि भिवंडीजवळून पहिल्यांदा इंजिन गेले. पण तो मार्ग भिवंडीकरांसाठी टाकलेला नव्हता. पश्चिम रेल्वेचा माल मुंबईच्या गर्दीत न शिरता मध्य रेल्वेच्या मार्गावर यावा आणि इकडचा तिकडे जावा, हा त्यामागचा हिशेब. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गुजरात-राजस्थानकडून कोकण, गोवा, केरळकडे जाणाऱ्या गाड्याही याच वाटेने जाऊ लागल्या. त्यातल्या कित्येक भिवंडी रोडला न थांबता निघून जातात. स्टेशन तरी कोठे? गावात नाही, दूर अंजूर फाट्याला. म्हणून तर नावापुढे ‘रोड’ लागले आहे. रेल्वेच्या नावात ‘रोड’ दिसला की समजावे, गाव अजून लांब आहे. (वसई रोडचेही तसेच.) येथे दर पाच मिनिटांनी लोकल नाही. मेमू गाड्या आहेत, त्या दिवसातून बोटांवर मोजाव्यात इतक्याच. एक चुकली की पुढचीसाठी तासन्‌तास बसा.

एक गोष्ट आपल्या तरुणांना मुद्दाम सांगावीशी वाटते. मध्य रेल्वे म्हणजे पूर्वीची जी. आय. पी. रेल्वे. त्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत. हे वाक्य आपण सभेत नेहमी ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी गँगमनची जी कैफियत मांडली ती फारशी कोणी सांगत नाही. आपला माणूस वर्षानुवर्षे गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टर म्हणूनही घेत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि स्टेशनमास्तर स्पृश्य हिंदू. म्हणजे रुळाला आपला हात चाले, पण मास्तरच्या घरातल्या घागरीला चालत नसे. आज फलाटावर उभे राहून दुपारच्या उन्हात रूळ ठोकत जाणारी टोळी पाहिली की आम्हाला मनमाड आठवते.

आता २०२० सालचे सांगतो. टाळेबंदीत यंत्रमाग बंद, गोदामे बंद, मजुरांचे तांडे नाशिकच्या रस्त्याने चालत निघाले. तेव्हा मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात या भिवंडी रोडहून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली. एरवी जेथे गाडी मिळत नाही, तेथून हजार मैलांची गाडी निघाली! त्याच वर्षी येथून आसामपर्यंत पार्सल गाड्याही जाऊ लागल्या, कारण अंजूर, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ या गावांतून गोदामांचे रान माजले आहे. घरबसल्या मागवलेली वस्तू देशभर जाते ती अशा गोदामांतून. खोके वेळेवर पोहोचावे म्हणून गाडी आहे. खोके उचलणाऱ्याला कामावर पोहोचायचे तर रिक्षाच.

असो. तक्रार करायची आणि आहे ती गाडीही रिकामी जाऊ द्यायची, हे काही खरे नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतली काही कुटुंबे मिळून रविवारी सकाळी भिवंडी रोडला वसईची गाडी धरली. बायकांनी भाकरी-ठेचा बांधून घेतला होता. खारबाव, कामण रोड, जुचंद्र, मग वसई रोड. गोदामांचे पत्रे संपले की भातखाचरे लागतात, उजव्या हाताला तुंगारेश्वरचा डोंगर येतो. मुलांना खिडकी मिळाली, यातच त्यांचे अर्धे समाधान झाले. वसई रोडला विरारची लोकल पकडली की पुढचेच स्टेशन नालासोपारा. पश्चिमेला उतरून सोपारा गावात जायचे. तेथे विटांचा मोठा स्तूप आहे. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तो खोदला, तेव्हा आत दगडी पेटी सापडली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक निघाले, आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे लहानसे तुकडे! भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून कोणीतरी ते एवढ्या जिवापाड जपले होते. सोबत सात बुद्ध आणि मैत्रेय अशा आठ ब्राँझच्या मूर्ती होत्या.

याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ मध्ये सापडला, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या यात्रा करीत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिस्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी धम्माविषयी बोलायचे, हा त्याचा कार्यक्रम. आमच्यातल्या एका आजींनी हे ऐकून विचारले, “मग राजा आपल्या वाटेने गेला असंल का?” कान्हेरीच्या दानलेखांत कल्याण आणि सोपारा ही दोन्ही नावे आहेत, एवढे आम्ही त्यांना सांगितले. या दोन बंदरांमध्ये माणसांची ये-जा दोन हजार वर्षांपूर्वीही होती.

जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच खिडकीवर विचारून घ्यावी, कारण वसईहून भिवंडीकडची गाडी चुकली तर रस्त्याने यावे लागते आणि त्यात संध्याकाळ जाते. पाणी बरोबर घ्यावे. तिकीट सरळ नालासोपाऱ्याचेच मागावे. आणि सहा डिसेंबरसाठीही हा मार्ग ज्याने त्याने वेळापत्रक पाहून ठेवावा. भिवंडी रोडहून दिव्याला उतरून धिम्या लोकलने दादरला जाता येते. पाच तारखेच्या रात्री मध्य रेल्वे कल्याणपर्यंत विशेष लोकल सोडते, पण त्या रात्री भिवंडी रोडच्या बाजूलाही एखादी गाडी असावी, असा अर्ज आमच्या मंडळाने लिहून ठेवला आहे. सह्या घेण्याचे काम दर रविवारी वंदनेनंतर विहारात चालू आहे.