संगणकाचे विसरणे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सिंदेवाहीकडे धानाची रोवणी जोरात चालू होती. विजा कडाडू लागल्या की संगणकाचा प्लग काढून ठेवायचा, अशी आमच्या घरची रीत आहे. तीन दिवसांची झड ओसरल्यावर प्लग लावला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या आणि यंत्र तिथेच थांबले. एफ-१ ची कळ दाबली तेव्हा पुढे सरकले. पण तारीख दाखवीत होते १ जानेवारी २००९! महाडीबीटीचे संकेतस्थळ तर काही केल्या उघडेना.

त्या संगणकात माझी पंधरा वर्षांची टिपणे आहेत. कोणत्या गावी पऱ्हे कधी टाकले, रोवणी कधी झाली, तुडतुडा कधी आला, सारे त्यात. छातीत धस्स झाले. एका दुरुस्तीवाल्याने तर सांगूनच टाकले, "साहेब, मदरबोर्ड गेला. नवीनच घ्या."

सौ. म्हणाली, "अहो, भिंतीवरचे घड्याळ बंद पडले की आपण आधी सेल बदलतो ना?"

तिचेच खरे निघाले. संगणकाच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२. प्लग काढलेला असताना तारीख, वेळ आणि यंत्राची मांडणी तोच सांभाळतो. प्लग लावलेला असेपर्यंत दुबळा सेलही खपून जातो. म्हणून दुखणे नेमके पावसाळ्यात उघडे पडते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे ओळख पटवून घेत नाहीत. आपली टिपणे मात्र हार्डडिस्कवर असतात. सेल संपल्याने ती पुसली जात नाहीत.

सेल बदलणे सोपे आहे. संगणक बंद करून प्लग काढावा. पेटीच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. खाचेतली पट्टी हळूच दाबून जुना सेल काढावा आणि अधिकाची खूण वर ठेवून नवा बसवावा. मग यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून तारीख-वेळ भरावी. हार्डडिस्कची पद्धत आयडीई की एएचसीआय, ती पूर्वीचीच ठेवावी. बदलली तर विंडोज सुरू न होण्याचा धोका असतो. यंत्र धड असतानाच ही मांडणी वहीत लिहून ठेवलेली बरी. जुना सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेल्यास जिवावर बेतते. अशा वेळी क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

नवा सेल बसवला, तारीख भरली. टिपणे जशीच्या तशी होती. त्याच संध्याकाळी ती सारी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. बियाणे एकाच कणगीत ठेवू नका, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. स्वतःची कणगी मात्र एकच ठेवून बसलो होतो.