बहात्तर वर्षांनंतर

१ ऑगस्ट २०२४

स्वप्निल कुसाळेनं आज पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा. पहिल्या दोन टप्प्यांत तो मागेच होता. रायफल सर्वांत जास्त हलते ती उभं राहिल्यावर, आणि नेमका तिथंच हा पोरगा पुढे सरकला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस. ऊर भरून आला.

आणि कुस्तीगीर खाशाबा जाधव आठवले. १९५२, हेलसिंकी. तिथं जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांच्या मृत्यूनंतर. याचा मला आजही संताप येतो.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं. स्वप्निलसाठी सरकारनं आज एक कोटी जाहीर केले. चांगलंच झालं. पण पैसा लागतो तो पदकाआधी; काडतुसं, रायफल, परदेशातले सामने, सगळंच महाग. हे कुणब्याच्या किंवा शिक्षकाच्या घराला कसं झेपणार?

दोन महिन्यांत विधानसभेची धामधूम सुरू होईल. उमेदवार दारात आले की प्रत्येकानं एवढं विचाराच: आपल्या तालुक्यात नेमबाजीची रेंज कधी बांधणार?