नाव कापू नका

लंडनमध्ये कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्याला कुणी आडनाव विचारत नाही. मी आठ दिवस फिरलो. पुलावर, बाजारात, बसस्टॉपवर फोटो काढले. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं, एकानं बोट हलवून नको म्हटलं. पण "कुठला रे तू? कुणाचा?" हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडं कोल्हापूर सोडून चार मैल आत जा आणि कॅमेरा बाहेर काढा. पहिला प्रश्न हाच. आडनाव सांगितलं की समोरचा चेहरा बदलतो, आणि तो बदल कुठल्याच फिल्मवर येत नाही.

म्हणून ते शहर देवमाणसांचं आहे असं समजू नका, दोस्तहो. आपले फोटो त्यांनी फार आधीच काढून ठेवलेत. १८५७ च्या उठावानंतर गोऱ्या सरकारला इथली माणसं 'समजून' घ्यायची होती. 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये निघाले. त्यात साडेचारशेच्या वर फोटो. ब्रिटिश लायब्ररीत बसून मी ते चाळले. हौशी फोटोग्राफरची नजर म्हणते, काम झकास आहे. पण खालची ओळ वाचा. राजा, सरदार असेल तर त्याचं नाव आहे. माणूस गरीब झाला की नाव गळतं आणि जात तेवढी उरते. चेहरा एकाचा, खाली नाव अख्ख्या जातीचं, आणि सोबत मजकूर : ही जात अशी, हिचा स्वभाव तसा. त्या काळचा कॅमेरा संथ. तो माणूस न हलता, श्वास धरून उभा राहिला असेल. घरी जाऊन बायकोला सांगितलंही असेल. त्याचं नाव मात्र कागदावर आलं नाही.

आणि त्याच शहरात किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथं राहत होते. मार्च १९२० मध्ये आपल्या माणगावात शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं होतं, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. त्याच वर्षी हा पुढारी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेला. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाला. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. पुढं तिथल्या काही शेजाऱ्यांनी गर्दी होते, आवाज होतो म्हणून तक्रार केली. २०१८ मध्ये कॅम्डेन कौन्सिलनं स्मारकाला परवानगी नाकारली. २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यानं ती दिली. बघा, वस्ती कुठलीही असो, आपण आलो की गर्दी होते.

घरावर निळी गोल पाटी आहे. बाबासाहेबांचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साल, सामाजिक न्यायासाठी लढलेला भारतीय, इथं राहत होता. बस्स. मी समोरच्या फुटपाथवर दोन तास उभा होतो. नागपूरकडची माणसं आली, पंजाबातली कुटुंबं आली. उंबऱ्याला हात लावायचे आणि पाटीखाली ताठ उभे राहायचे. माझ्या हातात कॅमेरा बघून जो तो मलाच फोटो काढायला सांगायचा. पाटी उंच आणि माणसं जवळ, त्यामुळं सगळं एका चौकटीत बसत नव्हतं. एक म्हातारी बाई म्हणाली, "भाऊ, माझे पाय कापले तरी चालतील. नाव कापू नका."

सगळं लंडन पाहिलं, पण फोटोग्राफीचा धडा तिनं दिला.

आमच्या घरात माझ्या लहानपणी एकच फोटो होता, बाबासाहेबांचा. माझ्या आजीचा फोटो नाही. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबली, पण ती कशी दिसायची हे माझ्या पोरांना कुठून दाखवू? तुमच्याही घरात हेच असणार. आपला फोटो निघतो कधी? घर जळालं की, प्रेत पडलं की. पेपरात खाली छापतात : 'दलित वस्ती', 'दलित तरुण'. दीडशे वर्षं झाली. चेहरा एकाचा आणि नाव जातीचं, ही चाल तीच आहे.

आता कॅमेरा तुमच्या खिशात आहे. अत्याचाराचे फोटो काढायलाच पाहिजेत, तो पुरावा आहे. पण तेवढेच काढू नका. सभेत पहिल्यांदा बोलणारी पोरगी, जयंतीला चूल सांभाळणाऱ्या बाया, बिंदू चौकात ऊन खात बसलेले जुने कार्यकर्ते यांचे फोटो काढा. आधी त्यांना विचारा. नाव, गाव, तारीख लिहा. जिथं नाव उघड केल्यानं जिवावर बेतेल किंवा अब्रूवर येईल, तिथं ते छापू नका, पण आपल्या वहीत ठेवा. माणगावला आलेल्या किती सामान्य माणसांची नावं आज आपल्याला येतात? बोटं मोजून बघा.

फोटो हलला तर हलू दे. उजेड कमी पडला तर पडू दे. नाव मात्र लिहायचं.

जय भीम.