अब्बांचा कीबोर्ड

आमच्या अब्बांनी उभी हयात तहसील कचेरीसमोर टायपिंग केले. आधी मराठी टाइपरायटर, मग संगणक. वारसनोंदी, रेशनकार्डाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे. काचबिंदूने नजर अधू झाली तसे दुकान बंद केले, पण अक्षरांच्या जागा बोटांना पाठ होत्या. नव्या लॅपटॉपवर मात्र ती बोटे चाचपडू लागली. कळा सपाट, दबली की नाही ते समजत नाही.

"दादा, मोबाइलवर बोला, तो आपोआप लिहितो," नातवंडांनी सुचवले. अब्बा हसले. त्यांना खेडच्या फुफीला पत्र लिहायचे होते. जमिनीच्या वाटणीवरून दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. असे पत्र घरभर ऐकू जाईल असे कसे सांगणार?

माळ्यावर त्यांचा जुना कीबोर्ड होता. वजनदार, खोल कळांचा. वायरीच्या टोकाला रुपयाएवढा गोल प्लग, आत पाच पिना. लॅपटॉपला अशी जागाच नसते.

इथे दोन टप्पे असतात, हे मला खटपटीत उमगले. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ संगणकांत लहान, सहा पिनांचा गोल प्लग आणला. जुन्या मोठ्या प्लगवरून त्यावर जायला साधा जोड पुरतो. आकार बदलतो, भाषा तीच राहते. १९९६ ला आलेल्या यूएसबीची भाषाच वेगळी. दुकानात मिळणारा छोटा जांभळा जोड आत नुसत्या तारांचा असतो. दोन्ही भाषा जाणणाऱ्या कीबोर्डलाच तो चालतो, आमच्यासारख्या जुन्याला नाही. दुकानदाराने तोच माझ्या हातात ठेवला होता! हवा तो चिप असलेला कन्व्हर्टर. बहुधा आखूड वायर आणि टोकाला दोन गोल खाचा, कीबोर्डची जांभळी, माउसची हिरवी. कीबोर्ड आधी कन्व्हर्टरला जोडावा, मग यूएसबी लावावी. कीबोर्डच्या पाठीवर एक्सटी-एटी असे बटण असेल तर ते एटीवर हवे.

दिवे लागले. पण अब्बांनी टाइप केले आणि पडद्यावर भलतेच शब्द. कीबोर्डला मराठी येत नाही, खरे तर इंग्रजीही येत नाही. कोणती कळ दाबली एवढेच तो कळवतो. अक्षर ठरवतो संगणक. विंडोजमधली मराठी इन्स्क्रिप्टची, म्हणजे स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. अब्बांचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला. ती मांडणी वेगळी घालावी लागली. भाषा बदलायला या कीबोर्डवर विंडोजची कळही नाही, तेव्हा आल्ट आणि शिफ्ट.

जुम्याच्या नमाजनंतर अब्बा बसले. खट्खट् आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मधेच थांबे, पुन्हा सुरू होई. अम्मी चहा घेऊन दारापर्यंत गेली आणि तशीच परतली.

असरच्या आधी त्यांनी मला हाक मारली. "प्रिंट काढ बेटा."

"शुद्धलेखन बघू का?"

"नको. टाइपरायटरवर कुठे बघायचो?"

मी कागद पालथा उचलला, घडी घातली, पाकिटात सरकवला. पत्ता त्यांनी तोंडपाठ सांगितला, पिनकोडसकट.