शाळेच्या बाकावरूनच शिक्षकी

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवता येते. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये तसा कायदाच केला. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठीचा जुना नमुना मात्र साउथ कॅरोलायनातला. तिथला ‘टीचर कॅडेट’ अभ्यासक्रम १९८५-८६ मध्ये चार शाळांत सुरू झाला. आधी मूल कसे शिकते, मग शाळा कशी चालते आणि शेवटी शिकवणे, असा त्याचा क्रम. क्रेडिट जोडीदार कॉलेज देते.

खरा कस लागतो तो प्रत्यक्ष वर्गात. सतरा वर्षांची मुलगी पहिलीच्या वर्गात बुटक्या खुर्चीवर गुडघे आवळून बसते. अडखळत वाचणारे मूल अक्षर चुकते की ओळच गाळते, हे वहीत टिपते. स्वतःला बेरीज येणे वेगळे आणि समोरच्याला हातचा समजावणे वेगळे, हे तिला तिथेच कळते. हे काम आपले नव्हे असे एखादीला उमगले, तरी तो तोटा नाही. पुढली फी तरी वाचते!

क्रेडिटचा हिशेब कॉलेजागणिक बदलतो. कुठे ते शिक्षणशास्त्राच्या पदवीत धरतात, कुठे नुसता ऐच्छिक विषय म्हणून जमा करतात.