मुद्दाम की आपोआप?

मंडळी, परवा नातू फोनवर जुने सामने बघत बसला होता. त्यात सप्टेंबर २०१५ चा लॉर्ड्सवरचा इंग्लंड-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना निघाला. बेन स्टोक्सने चेंडू सरळ गोलंदाजाकडे मारला. मिचेल स्टार्कने तो उचलून तडक स्टंपकडे फेकला. क्रीजबाहेर असलेला स्टोक्स मागे वळला, त्याचा हात बाजूला गेला आणि चेंडू हातावर आदळला. तिसऱ्या पंचांनी चित्रण बघून त्याला बाद दिलं. कारण : क्षेत्ररक्षणात अडथळा.

नातू म्हणाला, "आजोबा, त्याने मुद्दाम केलं का हो?"

नेमका तोच तर प्रश्न! नियमात शब्द आहे 'जाणूनबुजून'. हात चुकून मध्ये आला, किंवा इजा टाळायला वर गेला, तर फलंदाज बाद नाही. पूर्वी 'चेंडू हाताळला' असा बाद होण्याचा वेगळा प्रकारही होता. २००१ साली चेन्नईत स्टीव्ह वॉ आणि बंगळूरला मायकेल वॉन तसे बाद झाले होते. २०१७ पासून तो प्रकार 'अडथळ्या'तच धरतात. पण पंचाची अडचण तीच राहिली. हात दिसतो, मन दिसत नाही! त्यातून चित्रण सावकाश दाखवलं की वाटतं, याला विचार करायला केवढा वेळ होता. प्रत्यक्षात डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं संपलेलं असतं.

मी नातवाला काहीतरी उत्तर दिलं, पण मला माझा सातवीचा वर्ग आठवला. मागच्या बाकावरचा एक मुलगा बोलत होता. मी रागाने डस्टर फेकलं. (तेव्हा फेकायचो, आता लाज वाटते.) त्याने हाताने ते उडवलं आणि ते थेट माझ्या पायाशी येऊन पडलं. वर्ग हसला. मी 'उद्धट' ठरवून त्याला बाहेर काढलं आणि वडिलांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी वडील आले. माझं अर्धंच ऐकून त्यांनी मुलावर हात उगारला. आणि त्याचा हात वर गेला... अगदी तसाच. तळवा बाहेर, चेहऱ्यासमोर. त्या क्षणी मला कळलं, की काल त्याने माझा अपमान केला नव्हता. त्या हाताला ती सवयच होती.

पण मी गप्प बसलो. "राहू द्या हो, माझीच चूक झाली" एवढं म्हणायला काय हरकत होती? शिक्षकाचा मान आडवा आला. आणि ते मात्र मी जाणूनबुजून केलं.

स्टोक्सच्या बाबतीत पंच बरोबर होते की नाही, यावर तुम्ही खुशाल वाद घाला. माझे काही जुने विद्यार्थी हे वाचतात. त्यांच्यात तो असेल तर एवढंच सांगतो : बाळा, तू बाद नव्हतास. सांगायला फार उशीर झाला.