फाटलेलें पान

नाशिकक्षेत्रीं तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या घराण्यांचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलीं असतात. अशा वहीचें एखादें पान फाटलें, तर दोन उपाय संभवतात. हातीं आलेले तुकडे तसेच चिकटवावे. किंवा दुसरी शुद्ध प्रत समोर ठेवून गेलेलीं अक्षरें पुन्हां लिहावीं. पहिल्या उपायानें काम लवकर उरकतें, पण चार अक्षरें कायमचीं जाण्याचें भय असतें.

आपल्या शरीरांतील पेशींनाहि हाच विवेक करावा लागतो. पेशींतील वंशलेख, म्हणजे डीएनए, हा दोन धाग्यांचा पीळ. क्ष-किरणांनीं, किंवा पेशीच्या नित्य व्यवहारांतहि, कधीं कधीं हे दोन्ही धागे एकदम तुटतात. तुटलेलीं टोकें हेरतो तो एमआरएन हा तीन प्रथिनांचा गट; टोकें कुरतडून एकेरी धागा उघडा करण्यास आरंभहि तोच करतो. त्या धाग्यावर आरपीए हें प्रथिन पहाऱ्यास बसतें. मग बीआरसीए-१, पीएएलबी-२ व बीआरसीए-२ ही साखळी पुढें येते आणि पहारेकऱ्यास दूर सारून तेथें आरएडी-५१ या प्रथिनाची रांग बसविते. ती बसली म्हणजेच तो धागा जुळ्या प्रतींत आपला मजकूर शोधतो, आणि गेलेला भाग तिच्यावरून उतरवून घेतला जातो.

ह्यांत आम्हांस विशेष वाटतो तो संयम. वंशलेखाची नक्कल होऊन जुळी प्रत शेजारीं येईपर्यंत ५३बीपी-१ हें प्रथिन टोकें कुरतडूं देत नाहीं. तोंवर बहुधा चिकटविण्यावरच भागवावें लागतें.

ह्या साखळीचें महत्त्व कळलें तें तिच्या बिघाडामुळें. स्तनाच्या कर्करोगाशीं निगडित असें एक जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, हें मेरी-क्लेअर किंग ह्या विदुषीनें १९९० सालीं दाखविलें. तें बीआरसीए-१ जनुक १९९४ सालीं, व बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षीं हातीं आलें. ह्यांपैकीं एकाची सदोष प्रत जन्मतः मिळालेल्या स्त्रियांत ८० वर्षांच्या वयापर्यंत शेंकडा ७०च्या सुमारास स्त्रियांना हा रोग होतो, असें २०१७ सालच्या एका मोठ्या पाहणींत दिसून आलें. बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाहि वाढतो. मात्र ह्याच व्यंगावर नेम धरणारें ओलॅपरिब हें औषध २०१४ सालापासून वापरांत आहे. दुरुस्तीची एक वाट बंद असलेल्या रोगट पेशीची दुसरी वाटहि तें अडवितें.

दोष आढळला म्हणजे रोग आलाच, असें नव्हे. पण तो अपत्यांत उतरण्याचा संभव निम्मा असतो, आणि तो बापाकडूनहि तितकाच येतो. म्हणून अशा घराण्यास सल्ला देणारे वैद्य प्रथम वंशावळ मागतात, आणि तींत मावशीइतकीच आत्याहि पाहतात. आपल्या सुशिक्षित घरांत मात्र आत्या कशानें गेली असें विचारलें, तर ‘तिला बरें नव्हतें’ एवढेंच उत्तर मिळतें. मुलींचीं लग्नें अडतील, ही त्यामागची धास्ती. ती आम्हांस समजते. परंतु जें कळल्यानें भाचीस वेळेवर तपासणी करून घेतां येईल, तेंच तिच्यापासून लपविण्यांत तिचें कोणतें हित साधतें?